याची हमी कोण घेतो?

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात मी परिविक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली. असं एक पद असतं हे बहुतेकांना ठाऊक नसतं. पोलीस ठाऊक असतात, वकील, न्यायाधीश, जेलर ठाऊक असतात. गुन्हा सिद्ध झालेल्या माणसालाही तुरुंगात न पाठवता त्याच्या गावात, त्याच्या घरी ठेवून सुधारायची संधी देता येते आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला सरकारने माणूस नेमलेला असतो, हे सांगितलं की समोरचा म्हणतो, असं कुठे असतं का? असतं. 1958 सालचा अपराधी परिविक्षा अधिनियम त्यासाठीच आहे. मुंबई प्रांतात तर असा कायदा त्याच्याही वीस वर्षं आधी, 1938 मध्ये झाला होता. गावागावांतून मला 'प्रोबेशनच्या बाई' म्हणायचे आणि मी आले म्हणजे कुणाच्या तरी घरावर बालंट आलं, असं समजून दारं लोटून घ्यायचे.

कायदा अवघड नाही. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे सोडले तर न्यायालय दोषी माणसाला लगेच शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रावर सोडू शकतं. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. न्यायालयाने तसा आदेश दिला की या काळात तो आमच्या देखरेखीखाली राहतो. हमी मोडली, तर मूळ गुन्ह्याची शिक्षा त्याला भोगावी लागू शकते. वय 21 च्या आत असेल तर कायदा आणखी स्पष्ट बोलतो: अशा मुलाला कैदेची शिक्षा द्यायची झाली तर न्यायालयाने तिचं कारण लिहून ठेवायचं, आणि हमीवर सोडणं योग्य नाही असं ठरवण्याआधी आमचा अहवाल मागवून तो विचारात घ्यायचा. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या मनात तरुण पोरांसाठी तुरुंग हा शेवटचा उपाय होता. माझ्या सगळ्या नोकरीत मी पाहिलं ते असं, की व्यवहारात तो पहिला उपाय असतो.

न्यायालयाचं पत्र आलं की मी एसटीने निघायची. पोलिसांच्या जीपमधून कधी गेले नाही. कुणी देऊ केली तरी नको म्हणायची, कारण जीप गावात शिरली की खरं बोलणारी माणसं रानात निघून जातात आणि पारावर उरतात ती ठरवून बोलणारी. आरोपीच्या घरीही आधी जायची नाही. आधी किराणा दुकान, मग शाळा, मग पोलीस पाटील, मग ज्याचं नुकसान झालं त्याचं घर आणि सगळ्यांत शेवटी आरोपीचं. अहवालाच्या नमुन्यात वय, शिक्षण, जमीन, व्यसन, आईवडील असे रकाने होते. दुकानदार मात्र एका वाक्यात सांगून जायचा की या घराला उधारी द्यायची कधीपासून थांबवली आणि का. कोणत्या महिन्यात थांबवली ते कळलं की चोरीची तारीख समजायला सोपी जायची.

एक प्रकरण सविस्तर सांगते, कारण हे काम कसं चालतं ते त्यात दिसतं. नदीकाठच्या एका गावात उन्हाळ्यात पाण्याच्या मोटरी चोरीला जात होत्या. पकडला गेलेला मुलगा एकोणीस वर्षांचा होता. केबल जाळून तांबं काढायचं आणि भंगारात विकायचं, हा धंदा त्याच्याहून मोठ्या दोघांचा, हा रात्री पाळत ठेवणारा. ते दोघे पसार झाले, हा सापडला. गुन्हा शाबीत झाला आणि शिक्षेच्या आधी अहवालासाठी कागद माझ्याकडे आला.

मोटरीच्या मालकाकडे गेले. पाच-सहा एकरांचा शेतकरी. मला पाहताच म्हणाला, "मी कोर्टात सांगायचं ते सांगितलंय, आता परत कशाला?" मी विचारलं, तुम्हाला काय मिळायला हवं? तो गप्प झाला. तक्रार दिल्यापासून त्याला घडलेली हकिगत सगळ्यांनी विचारली होती. काय हवं, हे कुणी विचारलं नव्हतं. मग त्याने सांगायला सुरुवात केली. मोटर सापडली होती, पण मुद्देमाल म्हणून ती ठाण्याच्या आवारात लिंबाखाली पडली होती. सुपूर्तनाम्यावर सोडवून आणायला त्याला तालुक्याला खेटे घालावे लागले. तोवर पाण्याची पाळी हुकली, कांदा करपला. "पोरगं आत गेलं तर माझा कांदा येणार आहे का बाई? केबलीचे पैसे द्यावेत आणि रात्रीचं नदीकडं फिरकू नये. एवढं झालं तर मला कुणाला तुरुंगात घालायची हौस नाही."

आता प्रश्न हमीचा. मुलाचा बाप दुसऱ्याची जमीन बटईने करायचा, नावावर सातबारा नाही. चुलत्याच्या नावावर होता, पण त्याने सही द्यायचं नाकारलं. त्याचंही मला चुकीचं वाटलं नाही, त्याला मुलीचं लग्न काढायचं होतं. शेवटी बसस्टँडजवळच्या वेल्डिंगच्या दुकानदाराकडे गेले. मुलगा दहावी नापास झाल्यावर त्याच्याकडे कामाला होता, मग मोठ्या पैशांच्या नादाने सोडून गेला होता. दुकानदार म्हणाला, "माझ्या गल्ल्याला त्यानं कधी हात लावला नाही. मी राहतो जामीन. पण रोज सकाळी नऊला दुकानात पाहिजे, नाही आला तर मी तुम्हाला फोन करणार." मला याच अटीची गरज होती. पोलीस दर आठवड्याला हजेरी घेतात. हा माणूस रोज घेणार होता, वर कामाची मजुरीही देणार होता.

न्यायालयाने दोन वर्षांची हमी घेतली आणि केबलचे पैसे हप्त्यांनी द्यायला सांगितले. नुकसानभरपाईची तरतूद याच कायद्याच्या कलम 5 मध्ये आहे, ती वापरली जात नाही इतकंच. गावातल्या काहींनी सुचवलं होतं की पोराला वर्षभर त्या शेतकऱ्याच्या रानात फुकट राबवा, फिटंफाट होईल. मी ते होऊ दिलं नाही. बिनपगारी राबवणं म्हणजे वेठबिगारी, मग तिला कुणी प्रायश्चित्त म्हणो की शिक्षा. मजुरी पूर्ण मिळेल आणि तिच्यातून ठरलेला हप्ता जाईल, असं कागदावर आलं. पहिले काही महिने मुलगा माझ्याशी मान वर करून बोलत नसे. एका भेटीत त्याने स्वतःहून सांगितलं की ते दोघे परत आले होते, भंगारवाल्याकडे बोलावत होते, मी गेलो नाही. ही बातमी तो पोलिसांना सांगणार नव्हता आणि बापालाही सांगितली नसती. मला सांगितली, कारण मी दर महिन्याला येऊन बसत होते. मोटरी जाणं थांबलं. तो मुलगा आज त्याच दुकानात भागीदार आहे.

याच्याशी त्याच वयाच्या दुसऱ्या शेकडो मुलांचं काय होतं ते ताडून पाहा. चोरीच्या किरकोळ गुन्ह्यात अटक होते, पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी लागते. जामीन मंजूर होतो, पण जामीनदाराचा सातबारा आणि ऐपतीचा दाखला कुठून आणायचा? म्हणून मंजूर जामिनावरही मुलगा आतच राहतो. काही महिने गेले की कुणीतरी कानात सांगतं, गुन्हा कबूल कर, आज सुटशील. तो कबूल करतो. जेवढे दिवस आत काढले तेवढीच शिक्षा दिली जाते आणि संध्याकाळी तो घरी येतो. सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. पण आता तो शिक्षा झालेला गुन्हेगार असतो. पोलीस भरती संपली. सिक्युरिटी गार्डच्या साध्या नोकरीलाही चारित्र्य पडताळणी आडवी येते. परिविक्षेवर सुटला असता तर कलम 12 मुळे दोषी ठरण्याने येणारी अपात्रता त्याला चिकटली नसती. हे कलम त्याला कुणी सांगत नाही, कारण सांगायला वेळ लागतो आणि अहवाल मागवायचा तर आणखी एक तारीख पडते. माझ्या मते आपल्या न्यायव्यवस्थेत गरीब मुलांवर होणारा सगळ्यांत मोठा अन्याय हा आहे, आणि तो अन्याय वाटतच नाही, कारण मुलगा त्या दिवशी सुटलेला असतो.

2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यातली 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे चारातली तीन माणसं अजून दोषी ठरलेलीच नव्हती. तुरुंगामुळे समाज सुरक्षित राहतो असं मानणाऱ्यांनी हा आकडा घेऊन एकदा सब-जेलच्या दारात भेटीच्या दिवशी उभं राहावं. रांगेत उभ्या असलेल्या बायका आपली रोजंदारी बुडवून आलेल्या असतात.

पण 'गावावर सोपवा' असं मी म्हणणार नाही. गाव म्हणजे कोण, हे मी जवळून पाहिलं आहे.

एका प्रकरणात नवऱ्याने बायकोवर विळ्याने वार केला होता. खांद्याला टाके पडले होते. मी चौकशीला गेले तर अर्धं गाव माझी वाट बघत बसलेलं. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, शाळेचे माजी मुख्याध्यापक, एकजात सगळे म्हणाले, पोरगा लाखात एक आहे, रागाच्या भरात झालं, त्याला सुधारायची संधी द्या. वीस-पंचवीस जणांच्या सह्यांचं पत्र तयार होतं. बायकोला माहेरून आणून ओसरीवर बसवलं होतं आणि ती मान हलवत होती. अशा वेळी ओसरीवर काही विचारण्यात अर्थ नसतो. मी तिला म्हटलं, मला हापशावर हात-पाय धुवायचेत, चल जरा. हापसा मारता मारता ती म्हणाली, "बाई, तुम्ही लिवा काय लिवायचं ते. पण हे सुटून आले की मला कुठं ठेवता ते आधी सांगा."

मी अहवालात हमीवर सोडू नये असं लिहिलं. सह्यांच्या पत्राचाही उल्लेख केला आणि त्यावर एकाही बाईची सही नाही हेही लिहिलं. तिच्या भावाशी बोलून ती माहेरीच राहील अशी सोय लावली. गावात मला त्यानंतर चहा मिळाला नाही.

15 ऑगस्ट 2007 पासून आपल्याकडे महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. तिचं चांगलं रूप मी पाहिलं आहे. बांधावरून दोन पिढ्या कोर्टात भांडणारे भाऊ पारावर बसून, मोजणी मान्य करून, एकमेकांच्या घरी जेवले. अशा भांडणांतून पुढे कुऱ्हाडी निघतात. त्या निघण्याआधी ती मिटणं म्हणजे कितीतरी घरं वाचणं, आणि कुठलंही पोलीस ठाणं हे करू शकलं नसतं. पण पुरस्कार मिटलेल्या तंट्यांवर ठरू लागला तेव्हा काही गावांत बायकांची मारहाणही मिटलेल्या तंट्यांत जमा झाली. मिटवणारे सगळे पुरुष, आणि मिटवून घेणारी एकटी बाई. जात पंचायतींनी माणसांना वाळीत टाकायचं जे केलं तेही 'समाजाचा न्याय' म्हणूनच केलं, आणि त्याविरुद्ध महाराष्ट्राला 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा करावा लागला. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात तर स्पष्टच आहे की त्याखाली दोषी ठरलेल्या प्रौढ माणसाला परिविक्षेचा लाभ नाही. ते योग्य आहे. दलित वस्तीवर चालून जाणाऱ्याच्या चांगल्या वर्तणुकीची हमी कोण देणार? तीच वस्ती सोडून बाकीचं गाव.

आणि ज्याला गावच नाही, त्याचं काय? कायद्यात एक अट आहे. हमीवर सोडण्याआधी आरोपीला किंवा त्याच्या जामीनदाराला राहण्याचं कायम ठिकाण किंवा नियमित कामधंदा आहे, याची न्यायालयाने खात्री करायची. वाचायला अट रास्त वाटते. ती घेऊन मी एका पारधी पालावर गेले होते. गायरानाच्या कडेला पाच-सहा पालं. शेळी चोरल्याच्या गुन्ह्यात एक तरुण दोषी ठरला होता, पहिलाच गुन्हा. शेजारच्या गावात विचारलं तर उत्तर एकच: ती जातच तशी. हे उत्तर गावाचं नाही, 1871 च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टचं आहे. त्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, त्यांना हजेरी लावली, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या सेटलमेंटमध्ये कोंडलं. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला, म्हणून तो विमुक्त दिन. चोरी झाली की पहिली जीप आजही पालाकडे वळते.

पालावरची सगळ्यांत वयस्क बाई त्या तरुणाची आजी लागत होती. ती म्हणाली, "मी राहते जामीन. माझ्या शब्दाबाहेर इथं कुणी नाही." आणि ते खरं होतं. लहान-मोठे सगळे तिला भीत होते. ज्या देखरेखीची कायद्याला अपेक्षा आहे ती तिच्याजवळ होती, पण सातबारा नव्हता, रेशन कार्ड नव्हतं, कायम ठिकाण नव्हतं. मी अहवालात तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं आणि हमीवर सोडावं अशी शिफारस केली. तरुणाला कैदेची शिक्षा झाली. कागदाच्या हिशेबाने ती चूक ठरवता येणार नाही. पण ज्यांना तुरुंगाऐवजी दुसरी वाट सगळ्यांत जास्त हवी, त्यांच्यासाठीच ती बंद असते. ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणाऱ्या मजुरांचीही हीच गत. त्यांचं कायम ठिकाण मुकादमाच्या वहीत असतं, आणि मुकादम हमी देतो ती आगाऊ दिलेली उचल फेडून घेण्यासाठी.

19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या आलिशान गाडीखाली दोघांचा जीव गेला आणि त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला, अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध. लोक संतापले, आणि ते संतापणं बरोबर होतं. पण त्यानंतर मला किती जणांनी ऐकवलं, तुमचं सुधारणेचं काम म्हणजे हेच ना! नाही. आमच्या कामात आधी घरी जाऊन चौकशी करायची असते, ज्यांचं नुकसान झालं त्यांना विचारायचं असतं, आणि अटीवर लक्ष कोण ठेवणार हे ठरवायचं असतं. ज्याच्या घरात पैसा आहे त्याच्यासाठी घाईने दार उघडणं वेगळं, आणि कुणीच नसलेल्यासाठी महिनाभर दारोदार फिरून जामीनदार शोधणं वेगळं.

बाहेर ठेवून माणूस सांभाळता येतो याचा दाखला बघायचा तर सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला जावं. औंध संस्थानात, भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात, 1939 साली ही खुली वसाहत सुरू झाली. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची. भिंत नाही, कैदी कुटुंबासह राहतात, शेती करतात. 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा सिनेमा यावरूनच निघाला, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. सिनेमा सगळ्यांनी पाहिला. वसाहत पाहायला फार थोडे जातात. मी गेले तेव्हा खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणारा एक माणूस पोराला पाटीवर बेरीज शिकवत होता आणि मला बघून त्याने उठून खुर्ची दिली.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही शिक्षा म्हणून आली. पहिल्यांदाच चोरी केली, माल पाच हजारांहून कमी किमतीचा असला आणि तो परत केला, तर कैदेऐवजी ही सेवा. चांगलं पाऊल आहे, पण फार आखूड. मोटर पाच हजारांत येत नाही, शेळीही येत नाही. आणि त्याहून मोठा प्रश्न देखरेखीचा. सेवा कुठे करायची, दवाखान्यात की ग्रामपंचायतीत, तिथे त्या मुलाला कोण माणसासारखं वागवणार, तो आला नाही तर कोण त्याच्या घरी जाणार? आमच्या खात्यात परिविक्षा अधिकाऱ्याच्या गळ्यात बालगृहांची तपासणी असते, बाल न्याय मंडळाचे अहवाल असतात, बैठका असतात. प्रौढ गुन्हेगारांच्या गृहभेटी सगळ्यांत शेवटी उरतात आणि मग होतच नाहीत. नव्या तुरुंगासाठी जमीन आणि पैसा मिळतो. महिन्यातून एकदा एसटीने जाऊन एखाद्या मुलापाशी अर्धा तास बसणाऱ्या माणसाचं पद मात्र रिकामं राहतं.

म्हणून दोन विनंत्या करते. तालुका न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांनी 21 वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला गुन्हा कबूल करायला लावण्याआधी त्याच्यासाठी परिविक्षेचा अर्ज द्यावा आणि न्यायालयाकडे अहवाल मागावा. एक तारीख वाढेल, ती वाढू द्या. आणि ज्यांच्या नावावर सातबारा आहे, ज्यांचं दुकान आहे, ज्यांची गावात पत आहे, त्यांच्याकडे उद्या एखादा परिविक्षा अधिकारी एखाद्या पोराचं नाव घेऊन आला, तर लगेच नाही म्हणू नका. आधी त्या पोराला भेटा, त्याच्याशी बोला. मग मन धजलं तर सही करा, आणि सही केलीत तर रोज सकाळी तो कामावर आला का हे स्वतः बघा.